परसबागेतील सलगम आणि घरचे बी

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



सलगम ही आपल्या नित्याच्या आहारातील भाजी नव्हे. काश्मीर-पंजाबात हिवाळ्यात ती घरोघरी शिजते. आपल्याकडे पुष्कळांना ती बाजारात ओळखूही येत नाही. असे असूनही शाळेच्या व घरच्या परसबागेसाठी मी तिची शिफारस करणार आहे. बी जपणे म्हणजे नेमके काय, हे हे लहानसे पीक फार चांगले शिकविते.

लागवड सोपी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भुसभुशीत वाफ्यात फूटभर अंतरावर ओळी पाडून बी अर्धा इंच खोल पेरावे आणि पुढे दोन रोपांत चार इंच राहतील अशी विरळणी करावी. उपटलेल्या रोपांची भाजी होते. दीड-दोन महिन्यांत कंद तयार होतात.

खरे काम येथून पुढे आहे. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, पिढीजात वाणाचे टिकतात. परंतु वाण जुने आहे एवढ्यावर भागत नाही. 'पर्पल टॉप व्हाईट ग्लोब' हे देखणे युरोपीय वाण पुरेशी थंडी लाभल्याखेरीज फुलावर येत नाही. अशा वाणांचे बी कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या ठिकाणी तयार करतात. मैदानी प्रदेशात बी धरावयाचे तर आशियाई गटातील वाणच घ्यावयास हवे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने 'पुसा कांचन' हे वाण स्थानिक लाल गोल सलगम आणि 'गोल्डन बॉल' यांच्या संकरातून निवडले. तो स्थानिक लाल वाण कोणीतरी जपला होता, म्हणूनच ते शक्य झाले.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी जी झाडे सर्वांआधी फुलली त्यांचेच बी मी मोठ्या कौतुकाने ठेवले. दुसऱ्या वर्षी कांद्याला डेंगळे यावेत तसे निम्म्या वाफ्यात नुसते दांडे उभे राहिले. खाली कंद बोटाएवढा. मी घाईने फुलणारी झाडेच निवडली होती! म्हणून कंद उपटून पाहावेत, मधला कोंब राखून पाला छाटावा आणि उत्तम तेवढेच पुन्हा लावावेत. एकट्या झाडाला स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही. निदान वीस-पंचवीस कंद हवेत, आणि मधमाश्या हव्यात. फुलोऱ्यावर औषध फवारू नये.

मधमाशी मात्र कुंपण जाणत नाही. सलगम, चायनीज कोबी आणि तोरिया हे एकाच जातीतले भाऊबंद. शुद्ध बियाण्यासाठी त्यांच्यात किलोमीटरहून अधिक अंतर राखावे लागते. मुळ्याशी त्याचा संकर होण्याची चिंता नको. एका घराला एवढे अंतर राखणे कठीण. गावाने ठरविले तर सोपे. या हंगामात कोणी कोणते बी धरावयाचे, हे ग्रामसभेत पाच मिनिटांत ठरू शकते.

अधिकारी मित्रांसाठी एक गोष्ट. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्यास आपले बी जपण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी स्वतःचे छाप मारलेले बियाणे म्हणून विकण्यास तेवढी मनाई आहे. बियाणे वाटपाच्या सभेत हे आवर्जून सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

शेंगा पिवळ्या पडताच दांडे कापून सावलीत वाळवावेत. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत बी तीन-चार वर्षे चांगले राहते. बरणीवर वाणाचे नाव, वर्ष आणि ज्यांच्याकडून बी आणले त्यांचे नाव लिहावे.