कागद आधी, टिनं नंतर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. मुदत ठेवीवर कोणती बँक किती व्याज देते, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मला बोलायचंय ते आपल्या डोक्यावरच्या छपराबद्दल. म्हणजे छप्पर घालणारा आणि घालून घेणारा यांच्यात जो कागद व्हायला पाहिजे आणि होत नाही, त्याबद्दल.

विषय का बदलला ते सांगतो. एक तर या सभागृहावरची टिनं येत्या उन्हाळ्यात बदलायची असं समितीत चाललंय. दुसरं, आपल्या सोसायटीतली आणि गावातली बरीच पोरं फॅब्रिकेशन, शेड, पत्र्याच्या कामात आहेत. आणि तिसरं, आपल्याच एका गल्लीतल्या दोन घरांत चार वर्षांपासून बोलणं नाही, ते एका छपरावरून. नावं घेत नाही. दोघंही आज इथं आहेत, वेगवेगळ्या रांगांत बसलेत.

आमच्या लहानपणी अमडापुरात धाब्याची घरं होती. मिरगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, चोपायची, झालं. कुठं गळलं तर पावसातच वर चढायचं आणि मूठभर माती दाबायची. काम करणारा शेजारचाच, पैसे धान्यात, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा येणारच. तिथं करार लागत नव्हता, कारण काम कधी संपतच नव्हतं. आता तसं नाही. आता माल चिखलीहून नाहीतर खामगावहून येतो, पाइप एका दुकानाचे, टिनं दुसऱ्या कंपनीची, बसवणारे तिसरेच, आणि एकदा हिशेब झाला की पुन्हा तोंड दिसत नाही. एवढ्या लोकांत जबाबदारी कोणाची, हे नुसत्या बोलण्यावर राहत नाही.

आपल्याकडं कागद म्हटलं की माणसाला राग येतो. "काका, आपल्यातल्या आपल्यात कागद कायले पाहिजे?" हे मी बँकेत असताना ऐकलं आणि अजूनही ऐकतो. माझं उत्तर असं की, परक्याशी व्यवहार फिसकटला तर पैसेच जातात. आपल्या माणसाशी फिसकटला तर लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही.

तोंडी करार कायद्यानं चालतो का? चालतो. आपला कराराचा कायदा १८७२ चा आहे आणि त्यात प्रत्येक करार लेखीच हवा असं नाही. अडचण पुराव्याची आहे. तुम्ही म्हणता अर्ध्या एमएमचा पत्रा ठरला होता, तो म्हणतो पस्तीसचा. खरं कोण, हे न्यायाधीशानं कशावरून ठरवायचं?

आता त्या दोन घरांची गोष्ट. मे महिन्यात वळवाचं वादळ आलं आणि नव्या शेडची सात टिनं उडाली. मालक म्हणाला, स्क्रू कमी मारले. काम करणारा म्हणाला, "तुम्हीच म्हणाले ना, मधला पाइप राहू द्या, खर्च वाढतो म्हणून." दोघंही माझ्याकडं आले, कारण मी बँकेतला, मला कागद वाचता येतो. मी म्हटलं, आणा कागद. पावती होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'शेड काम, नग एक', खाली रक्कम आणि सही. पाइप किती अंतरावर, स्क्रू किती, पत्रा कोणता, काही नाही. मी दोघांचंही बोलणं तीन तास ऐकलं आणि मला आजही सांगता येत नाही की चूक कोणाची. दोघंही सभ्य माणसं आहेत. तो कागद चार ओळींनी मोठा असता तर त्याच संध्याकाळी वाद मिटला असता.

त्या चार ओळींत काय पाहिजे ते सांगतो. पोरांनो, तुम्ही नीट ऐका, कारण हा कागद गिऱ्हाइकापेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे.

सगळ्यात जास्त भांडण मापावरून होतं. समजा खोली तीस बाय वीस. मालकाच्या डोक्यात सहाशे चौरस फूट. पण टिन भिंतीपाशी थांबत नाही, चारही बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलं की ते तेहतीस बाय तेवीस होतं, म्हणजे ७५९ चौरस फूट. उताराची लांबी आणखी थोडी वेगळी. दोनशे रुपये दर धरला तर फक्त या बाहेर काढण्याचे ३१,८०० रुपये झाले. मालकाला वाटतं लुटलं, कामवाल्याला वाटतं हा बुडवतोय. आणि टिन एकमेकांवर चढवावं लागतं, त्यामुळं विकत घेतलेलं टिन आणि झाकलेली जागा यांतही फरक पडतो. म्हणून करारात एक वाक्य पाहिजे: माप कशाचं धरायचं, जमिनीचं, बसवलेल्या छपराचं की विकत आणलेल्या मालाचं. आणि काम झाल्यावर दोघांनी फीता धरून घेतलेल्या मापावर दोघांच्या सह्या.

मग माल. नुसतं 'चांगल्या कंपनीचा पत्रा' असं लिहू नका. जाडी किती, आणि ती रंगासकट की रंग सोडून. जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम. जस्ती पत्र्यासाठी आयएस २७७ असं भारतीय मानक आहे, ते बिलावर मागता येतं. पाइपाची जाडी, दोन आडव्या पाइपांमधलं अंतर, स्क्रू किती अंतरावर, रबरी वॉशरसकट की नाही. पन्हाळ आणि वरची टोपी दरात धरली आहे की वेगळी. हे सगळं पाऊण पानात बसतं.

पैशाचं आता. तुमच्यापैकी ज्यांनी घरकर्ज घेतलंय त्यांना आठवत असेल, बँक एकदम रक्कम देत नाही. जोत्यापर्यंत आलं की काही, सज्जापर्यंत आलं की काही, स्लॅब पडला की काही. त्या वेळी तुम्ही आम्हाला शिव्या दिल्या असतील! पण ती पद्धत दोघांच्याही सोयीची आहे. शेडच्या कामात मी असं सुचवतो: करार झाल्यावर तीस टक्के, माल जागेवर उतरल्यावर तीस, बसवून झाल्यावर तीस, आणि दहा टक्के एक पावसाळा बघून. कामवाल्यांना ते शेवटचे दहा टक्के आवडत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. 'पावसाळ्यानंतर देऊ' म्हणजे कधीच नाही. म्हणून तारीख घाला. एकतीस ऑक्टोबरपर्यंत मालकानं लेखी तक्रार केली नाही तर ती रक्कम त्या दिवशी देणं लागेल, असं लिहा. बसवलेला पत्रा पैशासाठी काढून नेता येत नाही हो. तसं करायला गेलं की फौजदारी होते.

इथं एक जुनी आठवण सांगतो. पंतप्रधान रोजगार योजना १९९३ साली सुरू झाली, तेव्हा माझ्या शाखेतून एका तरुणाला वेल्डिंग आणि शेडच्या धंद्यासाठी कर्ज दिलं होतं. मुलगा कामसू. एका व्यापाऱ्यानं त्याला गोदामाचं काम दिलं. ते चालू असताना "एवढा पोर्च पण घे, तो वरांडा पण झाकून टाक" असं होत होत काम दीडपट झालं. वाढीव कामाचा एक शब्द कुठं लिहिलेला नव्हता. शेवटी व्यापारी म्हणाला, मी तर ठरलेलेच देणार. मुलानं मालाचे पैसे दुकानदाराला द्यायचे होते ते दिले, आणि आमचे हप्ते थकले. वसुलीला मीच जायचो. त्याची आई पाणी आणून द्यायची आणि काही बोलायची नाही. पुढं त्यानं वेल्डिंग मशीन विकलं आणि सुरतेला गेला. त्याच्या हातच्या कामात काही खोट नव्हती. ते गोदाम मी नंतर कित्येक वर्षं पाहत होतो, एक टिन हललं नव्हतं.

म्हणून वाढीव काम सांगितलं की तिथल्या तिथं एक चिठ्ठी: काय, किती, किती रुपयांत, आणि सही. सही घ्यायला संकोच वाटतो तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, 'भाऊ, पोर्चचे इतके जास्तीचे ठरले, बरोबर ना?' आणि त्याचं 'हो' येईपर्यंत पाइप कापू नका. तो मेसेज डिलीट करू नका. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक फाइल ठेवा: करार, मापाचा कागद, मालाची बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, मिळालेल्या पैशांच्या नोंदी. उद्या बँकेत खेळत्या भांडवलासाठी गेलात तर साहेब तुमचं दुकान बघायच्या आधी हीच फाइल मागेल. मी तरी मागायचो.

गॅरंटीबद्दल थोडं. 'दहा वर्षं गॅरंटी' हे शब्द फार स्वस्त झालेत. टिन बनवणाऱ्या कंपनीची हमी रंग आणि गंजाबद्दल असते, तिचं कार्ड वेगळं. बसवणाऱ्याची हमी गळतीबद्दल आणि जोडांबद्दल असते, ती करारात पाहिजे. गळतीची तक्रार आल्यावर किती दिवसांत येऊन बघणार, हेही लिहा. वादळाचं तर लिहाच. ठरल्याप्रमाणे स्क्रू-पाइप नसल्यामुळं उडालं तर कामवाल्याकडं, झाड पडलं तर त्याच्याकडं नाही. आणि घराचा विमा काढा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडं मिळते, तिच्यात वादळही धरलेलं आहे.

स्टॅम्प किती रुपयांचा, हे नेहमी विचारतात. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो पाचशेचा झाला. काम मोठ्या रकमेचं असेल तर चिखलीला मुद्रांक विक्रेत्याला विचारून घ्या. पण पाचशे वाचवायचे म्हणून कागदच न करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. स्टॅम्प नसला तरी करार रद्द होत नाही. कोर्टात दाखल करताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, एवढंच. बाहेरगावच्या कंपन्यांच्या छापील फॉर्मवर बारीक अक्षरात 'वाद अमुक शहराच्याच न्यायालयात' असं असतं. घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडं, म्हणजे बुलडाण्याला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ही सोय घरासाठी काम करून घेणाऱ्याला. व्यापारी गोदामाचं वेगळं.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी करारात लिहीत नाही. वर चढणारा माणूस. आपल्या सभागृहावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. उन्हापावसानं ते ठिसूळ होतात, वरून दिसत नाही, आणि पाय पडला की माणूस थेट खाली येतो. आपण पंचवीस वर्षं खालून पंखे बघितले, वर कोण चढला ते कधी विचारलं नाही. तेव्हा करारात लिहा: पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, फळ्या टाकायच्या, कमरेला पट्टा आणि दोर ठेकेदारानं द्यायचा. प्रत्येक मजुराचा अपघात विमा आहे याची झेरॉक्स लावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये लागतात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. अठरा ते सत्तर वयाच्या कोणालाही बँक खात्यातून घेता येते. एखाद्याचा नसेल तर ते वीस रुपये आपण भरू. मी भरतो, घ्या लिहून.

सोसायटीच्या कामाला आणखी दोन गोष्टी लागतात. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्तीवर समितीला स्वतःच्या अधिकारात खर्च करायला मर्यादा आहे: पंचवीसपर्यंत सभासद असतील तर २५ हजार, पन्नासपर्यंत ५० हजार, त्यापुढं एक लाख. त्याच्यावर गेलं की सर्वसाधारण सभा, आणि निविदा मागवायच्या. दुसरं, ठेकेदाराला एका वेळी तीस हजारांच्या वर किंवा वर्षात एक लाखाच्या वर रक्कम देताना टीडीएस कापावा लागतो, एकट्या माणसाला एक टक्का, फर्म किंवा कंपनीला दोन. पॅन नसेल तर वीस. हे आधी सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी तो म्हणेल, सोसायटीनं माझे पैसे कापले.

भाषणानंतर मागच्या रांगेतून एक चांगला प्रश्न आला, तोही इथं देतो: "जुनी टिनं कोणाची?" मालक समजतो माझी, कामवाला समजतो त्याची, आणि भंगारवाला दोघांच्या आधी येतो. करारात लिहिलेलं नसेल तर ती मालकाचीच. कामवाल्याला द्यायची असतील तर किंमत ठरवून बिलातून वजा करा. सिमेंटचे जुने पत्रे मात्र कोणीच नेत नाही, ते फोडून रस्त्याकडेला टाकतात आणि त्यांची धूळ छातीला वाईट. ते न फोडता, ओले करून उतरवायचे आणि कुठं न्यायचे, हा खर्चही निविदेत धरायला हवा.

अडीच पानी कराराचा नमुना मी तयार करून सचिवांकडं दिला आहे. सोसायटीच्या कार्यालयात तो संध्याकाळी सहा ते आठ मिळेल, झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्यानं द्यावेत. त्यातली पहिली प्रत त्या दोन घरांपैकी एकानं नेली आहे, आणि दुसऱ्याचा मला काल फोन आला होता की एक प्रत त्याच्यासाठी बाजूला ठेवा.