वर्ग लावताना

घर बांधणं वेगळं आणि घर लावणं वेगळं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला वेगळं सांगावं लागत नाही. गवंडी, सुतार, रंगारी आपापलं काम करून निघून जातात. मग डबे कुठल्या फळीवर, माठ कुठल्या कोपऱ्यात, अंथरुणं कशावर, हे ठरवता ठरवता आठवडा जातो. म्हातारी माणसं रात्री उठून चुकीच्या भिंतीशी दार शोधतात. हळूहळू हाताला आणि पायाला घर ठाऊक होतं, आणि मग आपण म्हणतो, घर लागलं.

श्रोतेहो, शाळेतला वर्गही असाच लावावा लागतो. मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका वस्तीवर प्राथमिक शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. इतकी वर्षं हे चारही वर्ग एकाच लांबट दगडी खोलीत भरत. मधे एक लोखंडी कपाट, हीच आमची भिंत. पलीकडे गुरुजींचे पाढे चालले की अलीकडे माझी कविता थांबायची. खोलीची मागची भिंत फाटली, अभियंत्यांनी इमारत धोकादायक ठरवली, निर्लेखनाचा प्रस्ताव गेला, आणि शेजारच्या गायरानात दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही तिकडे राहायला गेलो. राहायला गेलो, असंच म्हणते. त्या एका आठवड्याबद्दल आज बोलायचं आहे.

दोन खोल्या आणि दोन शिक्षक ही काही आजची मागणी नव्हे. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून १९८७ साली खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला ऊन-पावसात वापरता येतील अशा किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक असावेत, असं तेव्हा ठरलं. आमच्या वस्तीला दुसरी खोली मिळायला त्यानंतर तीन तपं लोटली. त्यामुळे सोमवारी सगळ्यांचे चेहरे फुलले होते. नारळ फोडला, साखर वाटली, आणि मुलांची मुंगीसारखी रांग लागली. कुणाच्या हातात पृथ्वीचा गोल, कुणाकडे मण्यांची पाटी, दोघांत मिळून एक सतरंजी.

एक वस्तू मात्र मी कुणाच्या हाती दिली नाही. ती म्हणजे दाखल-खारिजाचं जुनं रजिस्टर. जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या १ मे १९६२ रोजी. त्याआधी आमची शाळा लोकल बोर्डाची होती आणि पहिल्या पानांवर तोच शिक्का आहे. कुणाची जन्मतारीख, कुणाच्या जातीचा पुरावा, सगळं त्या पिवळ्या पानांत. सत्तरी ओलांडलेली माणसं अजून दाखला मागायला येतात. ते रजिस्टर फडक्यात बांधून मी काखेत घेतलं आणि नव्या कपाटात सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवलं.

नवी खोली देखणी आहे. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, दक्षिणेला दोन मोठ्या खिडक्या, समोर चकचकीत पांढरा फळा. दाराशी उतार केलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेच्या इमारतीत कुणालाही अडथळ्याविना येता आलं पाहिजे, असं त्याच्या परिशिष्टात आहे, म्हणून हा उतार. मुलांना मात्र त्या दिवशी सर्वांत आवडला तो घुमणारा आवाज. एकानं ‘ओ’ दिली की खोली दोनदा ‘ओ’ देई. दुपारभर तोच खेळ चालला होता.

माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. तिला जन्मापासून फार कमी दिसतं. समोरच्या माणसाची आकृती कळते, चेहरा कळत नाही. मोठ्या टायपातलं पुस्तक डोळ्यांशी धरून ती वाचते. जुन्या खोलीत ती बिनधास्त वावरायची. पाहुण्यांना तर तिच्या डोळ्यांबद्दल कळतही नसे. सोमवारी ती दाराशी उभी राहिली. मैत्रिणीनं हात धरून आणून बसवलं, तिथून ती शाळा सुटेपर्यंत उठली नाही. पाणी प्यायलाही नाही.

मंगळवारी मी एक काम केलं. मुलं खिचडी खायला बाहेर गेल्यावर प्रत्येकाच्या जागेवर मांडी घालून बसले आणि फळ्याकडे पाहिलं. तेवीस मुलं, तेवीस जागा. आमचा फळा पश्चिमेच्या भिंतीवर आहे, म्हणजे मुलांच्या डाव्या हाताला खिडक्या येतात. उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडत नाही, तेव्हा ही रचना लिहायला उत्तम. पण उजवीकडच्या दोन ओळींतून पाहिलं, तर खिडकीतला सगळा उजेड फळ्यावर उमटलेला. अक्षरांच्या जागी नुसतं पांढरं तळं. उभं राहून पाहिलं तर हे एवढं जाणवत नाही. जमिनीवर बसलेल्या मुलाच्या उंचीवरूनच ते दिसतं. आणि ती मुलगी बसली होती नेमकी उजवीकडे, कारण जुन्या खोलीत तिची जागा त्याच अंगाला होती.

त्याच दिवशी श्रुतलेखन घेतलं. मागच्या ओळीतल्या मुलांनी ‘फळ’चं ‘पळ’ केलं आणि ‘थर’चं ‘तर’. ही मुलं शुद्धलेखनात कच्ची नाहीत. स्लॅब, गिलावा आणि फरशी हे तिन्ही कठीण पृष्ठभाग. त्यांच्यावर आवाज आपटून परत येतो, एकच शब्द कानाशी दोन-तीनदा पोचतो आणि त्याच्या कडा पुसल्या जातात. जुन्या खोलीत लाकडी आढी होती, कौलं होती, भिंतींना खडबडीत दगड होते. तिथं आवाज मुरायचा.

बुधवारी ती मुलगी आली नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आईवडील मेंढरं घेऊन खाली गेलेले, घरी आजी. आजीनं चहा टाकला आणि चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, “बाई, तिला घरीच ऱ्हाऊ द्या आता. जुनी साळा तिला तोंडपाठ व्हती. उंबरा वलांडला की चार पावलांवर खांब, खांबाच्या उजव्या अंगाला तिची जागा. नव्या साळंत समदं गुळगुळीत. हात कुठं टेकवायचा तिनं?”

मी मुलीला विचारलं, तुला काय होतं तिथं? ती म्हणाली, “बाई, तिथं सगळे एकदम सगळीकडनं बोलतात.”

ही दोन वाक्यं घेऊन मी घरी आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्यानं तिला दिला आहे. पण कायदा आजीला वाचून दाखवून काय उपयोग? उतार तिला दारापर्यंत आणून सोडत होता. दारापासून तिच्या जागेपर्यंतची नऊ पावलं कुणीच आखली नव्हती. मुलगी आठ दिवस घरी बसली की महिना बसते, महिना बसली की मग लहान भावंडं, शेरडं, पाणी हीच तिची शाळा होते. असं होताना आम्ही वस्तीवरच्या शिक्षकांनी पाहिलेलं आहे.

मी आजीकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की गुरुवारी शाळा भरायच्या तासभर आधी तिला घेऊन या. आजी आली. खोलीत आम्ही तिघीच. दारापासून मोजायला सुरुवात केली. नऊ पावलं सरळ, मग डाव्या हाताला जागा. आता ती डावीकडे बसणार होती, खिडकीकडे पाठीचा थोडा कोन करून. इतक्यात बाकीची मुलं आली, आणि काय चाललंय ते कळल्यावर सगळ्यांच्याच डोक्यात कल्पना आल्या. चौथीतल्या एकानं घरून सुतळीचा तोडा आणला. भिंतीला कमरेच्या उंचीवर खिळे मारून ती सुतळी ताणली. एक गाठ म्हणजे दार, दोन गाठी म्हणजे कपाट, तीन गाठी म्हणजे पाण्याचा माठ. तिच्या जागेशी काथ्याचं पायपुसणं टाकलं, म्हणजे पायाला कळेल. दप्तरं वाटेत ठेवायची नाहीत, हा नियम मुलांनीच केला आणि मुलांनीच फळ्यावर लिहिला.

शुक्रवार आवाजाचा आणि उजेडाचा. माण म्हणजे मेंढपाळांचा मुलूख, घरोघरी घोंगडी. मी मुलांना सांगितलं, फाटकं-तुटकं घोंगडं कुणाकडे असेल तर धुऊन, वाळवून आणा. पाच घोंगडी आली, दोन वाकळीही आल्या. ती मागच्या भिंतीवर आडव्या काठ्यांना टांगली आणि सतरंज्या फरशीवर पसरल्या. लोकर आवाज पिते. पुन्हा तेच श्रुतलेखन घेतलं, आणि मागच्या ओळीतलं ‘फळ’ ‘फळ’च राहिलं. फळ्याजवळच्या खिडकीला जुन्या सुती साडीचा पडदा केला. जुन्या खोलीतला लाकडी काळा फळा टाकून द्यायचा होता, तो गुरुजींनी पुन्हा रंगवून तिवईवर उभा केला. काळ्यावर पांढरं अक्षर डोळे दिपवत नाही. त्या मुलीला हातभरावरून त्यावरचे मोठे आकडे वाचता येतात. पांढऱ्या फळ्यावर तेच आकडे तिला दिसतच नव्हते.

दारालाही काम दिलं. दार उघडताना फरशीवर जो पाव वर्तुळाचा माग होतो, त्यावर खडूनं कोन आखले. तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद. इमारतीकडूनच शिकवून घ्यायची ही रीत आपल्याकडच्या अनेक शाळांत ‘बाला’ नावानं पोचलेली आहे. आम्ही त्यात एक भर घातली, रेघांवर सुतळी चिकटवली. त्यामुळे काटकोन बोटांनाही कळतो.

हे सारं चाललं असताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण येत होती. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा त्यांनी मुलं गुरं चारतात त्या कुरणातच शाळा नेली, तीच कुरणशाळा. मूल जिथं आहे तिथून शाळा आखायला घ्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. आमच्याकडे सिमेंटची पक्की खोली आली आहे, तिचा आनंदच आहे. पण आखणी सुरू करायची ती अजूनही तिथूनच.

शनिवारी सकाळची शाळा. गणिताचा तास चालू होता. ती मुलगी उठली, हात भिंतीला लावला, तीन गाठींपाशी थांबली, माठातलं पाणी घेतलं, प्याली, पेला पालथा घातला आणि आपल्या जागी येऊन बसली. वर्गात कुणी मान वर करून पाहिलं नाही. मला त्या आठवड्यात सर्वांत समाधान कशाचं वाटलं असेल, तर ते कुणाचंच लक्ष न गेल्याचं.

अजून पुष्कळ राहिलं आहे. उन्हाळ्यात घोंगड्यांची धूळ झटकावी लागेल, सुतळी मधूनमधून बदलावी लागेल. फळ्याजवळची खिडकी दुपारी पुन्हा त्रास देते. तिच्यासाठी ब्रेल सुरू करायचं का, हे तालुक्याच्या विशेष शिक्षकांशी बोलून ठरवायचं आहे. पण ती रोज येते आहे.

श्रोतेहो, ठिकठिकाणी शाळांच्या नव्या खोल्या बांधल्या जात आहेत. तुम्ही कुणी सरपंच असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, बांधकामावरचे मिस्त्री असाल, किंवा नुसते पालक असाल. तुमच्या गावात खोली उठत असेल तर गिलावा होण्याआधी एकदा दुपारी तिथं जा. फळा जिथं यायचा आहे त्याच्यासमोर जमिनीवर बसा, अगदी उजव्या टोकाला बसा. मग डोळे मिटून दारापासून त्या जागेपर्यंत चालून पाहा. मोठ्यानं एक शब्द बोला आणि तो कसा परत येतो ते ऐका. खिडकी दोन हात सरकवायची असेल, फळा खाली घ्यायचा असेल, भिंतीला एक खडबडीत पट्टा सोडायचा असेल, तर त्या वेळी ते फुकटात होतं. नंतरचं आम्ही मुलं आणि शिक्षक मिळून लावून घेऊ.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)