त्यांचा शब्द तसाच लिहा
(घोडबंदर रोड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



इथे येताना लागलेल्या थांब्यांची नावं आठवा : मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, भाईंदरपाडा. आता तिथे टोलेजंग इमारती आहेत, पण 'पाडा' हा शब्द काही जागा सोडून गेलेला नाही. पूर्वीच्या वस्तीची साक्ष तोच देतो. म्हणून आज मी शब्दांविषयीच बोलणार आहे.

वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक 'काढतात', असं आपण म्हणतो. वारली मात्र चौक 'लिहितात'. सवाशिणी तो लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. अहवालात आपण 'भिंतीवरची सजावट' लिहिलं की देवी गेली. धवलेरीला 'गाणारी बाई' म्हटलं की लग्न लावण्याचा तिचा मान गेला.

वनहक्काच्या दाव्यात तर शब्दावर जमीन अवलंबून असते. 2006 च्या या कायद्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवरच्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे. ज्याला अतिक्रमण म्हटलं जाई, त्याला या कायद्याने हक्क म्हटलं. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात आहे, हे दाखवावं लागतं. त्यासाठी दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा ठरतं. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हाही पुरावाच.

आजी सांगते, "तो आमचा वाघदेव." लिहिणाऱ्याने घाईत 'शेंदूर लावलेला दगड' लिहिलं, तर कागदावर नुसता दगड उरतो. आजोबा 'वरकस' म्हणतात, म्हणजे नागली-वरीची उताराची जमीन. तिला 'पडीक' लिहिलं, तर ती कसणारा माणूसच कागदावरून नाहीसा होतो. "थोरलीच्या लग्नाच्या साली आम्ही तिथे नागली पेरली," असं कुणी सांगितलं, तर आधी ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. साल कोणतं, ते मागाहून घरच्यांना विचारून शेजारी लिहा.

माझी विनंती एवढीच. सांगणाऱ्याचा शब्द आधी लिहा, त्याचा अर्थ कंसात द्या. लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवा. "हां, असंच," असं ते म्हणाले, की मगच सही किंवा अंगठा घ्या. वेळ थोडा जास्त जाईल, पण कागदावर त्यांचं म्हणणं राहील.