मुरुडला राहावं वाडीत

सुट्टीत मुरुड-जंजिऱ्याला निघालात, तर हॉटेलापेक्षा नारळी-पोफळीच्या वाडीतली घरगुती खोली बघा. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवायचं. बाजारात येईल ती मासळी ताटात. जंजिरा किल्ल्यासाठी राजपुरीहून शिडाची होडी मिळते. अगदी तटाशी जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, ही बांधणाऱ्यांची खरी करामत! चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. कलालबांगडी नावाची तोफही इथलीच. किल्ल्यावर सत्ता असलेल्या सिद्दींचं जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी समुद्रातच पद्मदुर्ग उभारला. बहुतेक पर्यटक तो लांबूनच बघून परततात, हे काही बरं नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा बेत दिवाळीनंतरचा ठेवा.