उंदीर जगला, पण अर्क निर्धोक ठरला का?

झाडपाल्याचे औषध अपाय करत नाही, हा समज बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात साफ खोटा ठरला. वजन घटवण्याच्या औषधात अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभराच्या आसपास रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव पुरेसा नाही का, असे कोणी विचारेल. पण अनुभवाला लगेच होणारी उलटी दिसते, हळूहळू निकामी होणारे मूत्रपिंड दिसत नाही.

म्हणून प्रयोगशाळेत वनस्पतीचा अर्क नळीने थेट उंदराच्या जठरात सोडतात आणि १४ दिवस त्याचे वजन, हालचाल, विस्कटलेले केस पाहतात. तेवढ्यावर भागत नाही. रोज घ्यायच्या औषधासाठी २८ किंवा ९० दिवसांची चाचणी, शेवटी रक्ताची आणि यकृत-मूत्रपिंडांची तपासणी हवीच. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण धोका कोणत्या अवयवाला, हे त्यातून बऱ्याचदा कळते आणि माणसांवरील चाचणीत लक्ष कुठे ठेवायचे ते ठरते. प्राण्यांच्या यातनांचा आक्षेपही रास्तच. निम्मे प्राणी दगावणारी मात्रा शोधणारी जुनी चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये मोडीत काढली; आता एका टप्प्याला तीन उंदीर पुरतात. तेव्हा प्राणी कमी वापरावेत, पण चाचणीचे दिवस कमी करू नयेत.