उन्हाळ्यात जळगावात आहे काय?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मे महिन्यात पुण्याहून नातू येतो. पारा ४५ अंशांवर. दुसऱ्याच दिवशी विचारतो, "आजोबा, इथे बघायला आहे काय?" मी म्हणायचो, कूलरसमोर बस. गेल्या वर्षी मात्र आपल्याच इमारतीत चौकशी केली आणि यादी तयार झाली. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ. एक दिवस धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, तिथली जुनी कागदपत्रं. रात्री झणझणीत शेवभाजी. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस.

"आणि गाणं?" नातवाने विचारलं. तेव्हा शेजारच्या आक्कांनी आखाजीची झोक्यावरची गाणी म्हटली, माहेरी आलेल्या लेकींची. एकामागून एक अकरा! इतकी वर्षं एकाच मजल्यावर राहतो, पण मला पत्ता नव्हता.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. नाहीतर ती जळगाव-आसोद्याच्या वाटेवरच विरली असती.

आक्का आज आपल्यात नाहीत. आठ गाणी नातवाच्या वहीत आहेत. तीन "उद्या लिहू" म्हणून राहून गेली.

म्हणून विनंती एकच. येत्या आखाजीला आवारातल्या कडुनिंबाला झोका बांधू. ज्यांना येतात त्यांनी गावं, मुलांनी लिहून घ्यावं. मी बँकेतला माणूस, एवढंच सांगतो: खातं आठ गाण्यांनी उघडलंय, शिल्लक वाढवणं आपल्या हाती आहे.