रक्त गोठविणारीं औषधें आणि त्यांची पारख

रशियाचा युवराज अलेक्सी १९०४ सालीं जन्मला. थोड्याच आठवड्यांत त्याच्या बेंबींतून रक्त येऊं लागलें आणि तें लवकर थांबेना, तेव्हां राजवाड्यांत सर्वांस उमजलें कीं, व्हिक्टोरिया राणीच्या वंशांत मुलींच्या मार्फत उतरत आलेली हिमोफिलिया ही व्याधि या बाळाच्याहि वांट्यास आली आहे. १९१२ सालीं पोलंडांतील स्पावा येथील शिकारवाड्यांत मांडीच्या वरच्या अंगास आंतल्या आंत रक्त सांचून तो मरणाच्या दारीं पोंचला होता. साम्राज्याच्या राजवैद्यांपाशीं त्यास देण्याजोगें एकहि औषध नव्हतें. १९१८ सालीं क्रांतिकारकांनीं त्या सबंध कुटुंबाचा वध केला. पुढें २००९ सालीं त्या कुटुंबाच्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, अलेक्सीच्या रक्तांत उणीव होती ती नवव्या घटकाची. बहुसंख्य हिमोफिलिया-रोग्यांत उणा असतो तो आठवा. म्हणजे आठव्या घटकाची उत्तमांतील उत्तम कुपी कोणीं त्या बाळापाशीं नेऊन पोंचविली असती, तरी तिचा कांहींहि उपयोग झाला नसता.

रक्त गोठणें ही एकट्या द्रव्याची करणी नव्हे. जखम होतांच रक्तांतील डझनभर घटक एकामागून एक जागे होतात. पहिला दुसर्‍यास उठवितो, दुसरा तिसर्‍यास, आणि अखेरीस तंतूंचें जाळें विणलें जातें. या घटकांस रोमन आंकड्यांचीं नांवें आहेत. आठवा किंवा नववा अपुरा असला म्हणजे मधली कडी निखळते. आठव्याची उणीव सुमारें ५,००० मुलग्यांमागें एकास, तर नवव्याची सुमारें ३०,००० मागें एकास असते. माता बहुधा स्वतः निरोगी असून दोष पुढें पोंचवितात. लोकांची समजूत अशी कीं, अशा मुलास टांचणी टोंचली तरी तें दगावतें. खरा धोका तेथें नाहीं. तो गुडघ्यांत, घोट्यांत, कोपरांत आहे. तेथें वारंवार रक्त झिरपतें, सांधा सुजतो आणि काळें करून आंखडून जातो. मेंदूंत रक्तस्राव झाला तर प्राणावरच बेततें.

पहिली नेमकी वाट १९३७ सालीं बोस्टन येथें सांपडली. पाटेक व टेलर यांनीं निरोगी रक्ताच्या प्लाझ्म्यांतून, म्हणजे पेशी वगळल्यावर उरणार्‍या पिंवळसर द्रवांतून, एक प्रथिन वेगळें काढलें. तें रोग्याच्या रक्तांत मिसळतांच रक्त वेळेवर गोठूं लागलें. एका नळींत रोग्याचें नुसतें रक्त, दुसरींत तेंच रक्त आणि नवें द्रव्य, आणि हातांत घड्याळ! पुढील सगळी प्रगति या साध्या तुलनेंतून निघाली आहे.

त्याच तुलनेनें एक कोडेंहि घातलें. ब्वेनोस आयरिस येथील पाव्हलोव्हस्की यांस आढळलें कीं, कधीं कधीं एका हिमोफिलिया-रोग्याचें रक्त दुसर्‍या हिमोफिलिया-रोग्याच्या रक्तास सुधारतें. १९४७ सालीं त्यांनीं हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. दोघांचा रोग एकच असता तर असें घडावयाचें कारण नव्हतें. एका दरिद्र्यानें दुसर्‍याचें कर्ज फेडावें तसला हा प्रकार! उलगडा १९५२ सालीं झाला. ऑक्सफर्ड येथील रोझमेरी बिग्ज, मॅकफार्लेन व त्यांचे सहकारी यांनीं नवव्या घटकाच्या उणिवेचा रोग निराळा असल्याचें दाखविलें, आणि एका लहान रोग्याच्या आडनांवावरून त्यास ख्रिसमस व्याधि असें नांव दिलें. तो निबंध वैद्यकीय साप्ताहिकाच्या नाताळच्याच अंकांत छापला गेला, हें इंग्रजी विनोदबुद्धीस धरूनच झालें.

या मॅकफार्लेन यांचें आणखी एक काम महाराष्ट्रांतील श्रोत्यांस विशेष वाटावें असें आहे. १९३४ सालीं त्यांनीं व लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील बार्नेट यांनीं घोणस सापाचें विष अत्यंत सौम्य करून वाहत्या जखमेवर लावून पाहिलें, आणि हिमोफिलियाच्या रोग्याचेंहि रक्त तेथल्या तेथें थिजलें. शेताच्या बांधावर माणसाचा जीव घेणारी ती घोणस येथें वैद्याच्या कामीं आली! तिचें विष आठव्या-नवव्याची वाट न पाहतां थेट दहाव्या घटकास जागें करतें, हें मागाहून कळलें. अर्थात् वरच्या जखमेपुरताच हा उपाय. शिरेंतून तें देण्याची सोय नाहीं.

शिरेंतून द्यावयाचें तर माणसाच्या रक्तांतील घटक फार थोडा. म्हणून ऑक्सफर्ड येथें एथेल बिडवेल यांनीं बैल व डुकरें यांच्या रक्तांतून आठवा घटक काढला. तो माणसाच्या रक्तांतल्यापेक्षां कित्येक पट जोरकस भरला. परंतु परक्या प्राण्याचें प्रथिन शरीर ओळखून ठेवतें, आणि कांहीं दिवसांनीं तेंच औषध निष्प्रभ होतें. १९६४ सालीं अमेरिकेंत ज्युडिथ पूल यांनीं दाखविलें कीं, गोठविलेला मानवी प्लाझ्मा थंडाव्यांतच हळूहळू वितळूं दिल्यास तळाशीं जो साका उरतो, त्यांत आठवा घटक एकवटलेला असतो. ही युक्ति कोणत्याहि रक्तपेढीस साधण्याजोगी होती.

औषधें अनेक झालीं, तेव्हां माप हवें झालें. निरोगी प्लाझ्म्याच्या एका मिलिलिटरांत असणारा घटक म्हणजे एक एकक. वजनाच्या दर किलोमागें आठव्याचें एक एकक दिलें कीं रक्तांतील पातळी शेंकडा दोनांनीं चढते. तीस किलोच्या मुलाची पातळी शून्यावरून शेंकडा ५० वर न्यावयाची तर ७५० एककें हवींत, आणि बारा तासांच्या सुमारास त्यांतील निम्मीं सरलेलीं असतात. हिशेब सोपा आहे. पण तो उभा आहे कुपीवर छापलेल्या आंकड्यावर, आणि तो आंकडा प्रयोगशाळेंतल्या नळीवर.

नळ्याहि दोन जातींच्या. एका पद्धतींत, ज्यांत आठवा घटक मुळींच नाहीं अशा प्लाझ्म्यांत औषधाचा नमुना मिसळतात, चालना देणारें द्रव्य व चुना यांची भर घालतात आणि गुठळी धरावयास किती सेकंद लागले तें मोजतात. दुसरींत गुठळी नसतेच. जागा झालेला दहावा घटक एका रंगहीन द्रव्यास फोडतो, आणि पिंवळा रंग जितका गडद तितकें औषध अधिक. मानवी प्लाझ्म्यांतून काढलेल्या औषधाविषयीं दोन्ही नळ्यांचीं उत्तरें बहुधा जुळत. १९९० नंतर प्रयोगशाळेंत पेशींकडून घडविलेला घटक आला, आणि त्याचा एक मोठा तुकडा वगळून केलेले प्रकारहि आले. या तुकडा वगळलेल्या प्रकारांपाशीं पिंवळा रंग जास्त सांगूं लागला, घड्याळ कमी. फरक शेंकडा वीस-तीसांचा, कधीं त्याहूनहि मोठा. पुढें औषध अंगांत अधिक काळ टिकावें म्हणून त्यास दुसरे रेणु जोडण्यांत आले, तेव्हां तर कौतुकच झालें. अशाच एका दीर्घजीवी नवव्या घटकाचें मोजमाप, चालनेसाठीं सिलिका वापरणार्‍या कांहीं नळ्यांनीं वास्तवापेक्षां कित्येक पट अधिक दाखविलें. पातळी भरपूर आहे अशा विश्वासानें शस्त्रवैद्यानें सुरी उचलावी आणि रक्तांत प्रत्यक्ष तुटवडा असावा, इतका हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

आणि नळीस जें विचारलेंच नव्हतें, तें तिनें सांगितलें नाहीं. १९७० नंतर हजारों दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून केलेल्या भुकट्या एककांच्या मापानें उत्कृष्ट होत्या. पण त्यांतूनच कावीळ व एड्स यांचे विषाणु रोग्यांच्या अंगांत शिरले. एकट्या अमेरिकेंत हिमोफिलियाचे सुमारें निम्मे रोगी एड्सच्या विषाणूनें ग्रासले. १९८५ च्या सुमारास औषधास उष्णता देऊन विषाणु मारण्याचा प्रघात पडला. कित्येक घरांस तो फार उशिरा आला.

२०१७ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें एमिसिझुमॅब हें औषध तर घटकच नव्हे. तें एका हातानें नववा व दुसर्‍या हातानें दहावा धरून आठव्याची जागा भागवितें, आणि शिरेंत न देतां कातडीखालीं टोंचतां येतें. पण घड्याळाच्या नळींत त्याचा लवलेशहि रक्त अगदीं निरोगी असल्याचा भास उत्पन्न करतो. त्यामुळें अशा रोग्यास आठवा घटकहि द्यावा लागला, तर तो मोजावयास रंगाच्या नळींत बैलाच्या रक्तांतील नववा व दहावा घालतात; कारण एमिसिझुमॅब माणसाचेच घटक ओळखतें, बैलाचे नाहीं. जो बैल एकदां औषध म्हणून बाद झाला, तो असा मापाचें काम करावयास परत आला आहे. मात्र त्यासाठीं नमुन्याबरोबर पाठविलेल्या चिठ्ठीवर रोग्यास कोणतें औषध चालूं आहे तें लिहिलेलें असावें लागतें. तें न लिहिल्यास प्रयोगशाळेंतील मनुष्य नेहमींचीच नळी हातीं घेतो.